दहा वाजून वीस मिनिटं

घड्याळ मीच थांबवलं होतं.
हीउमा बेटावर, हेल्वेबाईंच्या स्वयंपाकघरात,
स्टुलावर चढून, लंबक दोन बोटांत धरून.
माझं काम आवाजाचं:
फ्रीजची वायर काढायची, कुत्र्याला अंगणात न्यायचं,
टकटक करणारं जे जे असेल त्याला गप्प बसवायचं.
हेल्वेबाई फाटकं जाळं सांधत बसल्या होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"माझे गुडघेही वाजतात. त्यांचं काय करतोस?"

एप्रिलमध्ये, टॅलिनला, एडिटिंगच्या बिनखिडकीच्या खोलीत
लेलोनं सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.
मर्यादा बावीस मिनिटांची. आमची सव्वीस.
तीन वर्षांचं शिक्षण, दोन घरांचं कर्ज
आणि सहा दिवसांचा गारठा
तळहाताएवढ्या एका डिस्कमध्ये मावला होता.
ती उशीखाली घेऊन झोपायचो,
एक रात्र ती, एक रात्र मी.

गोठलेल्या समुद्रावरची लांबलचक चाल कापली.
धुरी दिलेले मासे कापले.
(कुत्रा राहिला. कुत्र्याला कोण कापणार?)
नवरा परतला नाही त्या दिवसाबद्दल
हेल्वेबाई जे सात वाक्यांत बोलल्या,
त्यातला एक श्वासही मी वाया जाऊ दिला नव्हता.
लेलो म्हणाली,
"बोलताना त्यांचे हात थांबलेत, बघ.
हात पुरेत."
आणि तिनं माझा आवाज शून्यावर आणला.
चार दिवस मी तिच्याशी फक्त कीबोर्डबद्दल बोललो.

मग उर्मास आले, आमचे मार्गदर्शक.
ओला कोट अंगात तसाच ठेवून उभ्यानं सगळं पाहिलं.
म्हणाले, "बरं आहे.
पण या बाईंच्या घरी
सकाळी, जेवताना, दिवा लावल्यावरही
दहा वाजून वीसच मिनिटं कशी?"

पाचावर धारण बसली.
सहा दिवस त्या भिंतीवर
तो गोल पांढरा चेहरा आमच्याकडे बघत होता
आणि आमच्यापैकी एकालाही वेळ दिसली नव्हती.
झाकून पाहिलं, फ्रेम आवळून पाहिली.
घड्याळ गेलं की हेल्वेबाईंचा अर्धा कान जायचा.

मला मात्र भलतंच सुचलं:
आपण ते पुन्हा चालू केलंच नाही.
हिवाळाभर ती बाई
माझ्या दोन बोटांत अडकलेल्या वेळेत राहतेय.
रात्री अकराला फोन लावला, आवंढा गिळत माफी मागितली.
"वेडा आहेस का?" हेल्वेबाई म्हणाल्या.
"तुमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली
तेव्हाच मी लंबक ढकलला.
तुमच्यासाठी मी वेळ थांबवून बसेन होय?
थांब, ऐकवते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज.
स्टूल सरकल्याचा.
मग गुडघे, एक, दोन.
मग वायर ताणून वर धरलेल्या फोनमधून, दुरून, पत्र्याच्या डब्यात असल्यासारखी
टक
टक.

रेकॉर्डरचं बटण मी कधी दाबलं, आठवत नाही.

दहा वीस तसंच राहू दिलं.
शेवटी पडदा काळा झाल्यावर तो फोन लावला, गुडघ्यांसकट.
त्याला जागा हवी म्हणून
आमची नावं इतकी भराभर पळवली
की लेलोच्या आईला मुलीचं नाव वाचताच आलं नाही.
दुपारी बाराची मुदत. अकरा बावन्नला फाइल गेली.
लेलो टेबलाखाली जाऊन झोपली, बूट घालून.

मी माइक परत करायला गेलो.
साहित्य-खिडकीतल्या वाइकेबाई वस्तू मोजून घेतात:
बूम एक, केबल तीन,
वाऱ्यासाठीचं केसाळ टोपडं एक.
टोपडं त्यांनी उलटंपालटं केलं,
केसांतून नखानं काहीतरी पारदर्शक उचललं,
उजेडाकडे धरलं.
"हे काय?"
"खवला. माशाचा."
तो कुठल्या रकान्यात लिहायचा
ते त्यांना कळेना.
थोडा वेळ त्या पेन टेबलावर आपटत राहिल्या,
टक, टक,
मग यादीवर बरोबरची खूण केली
आणि खवला माझ्या तळहातावर ठेवला.